प्रश्नच खोटा होता

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनचं एक टेबल असतं. वर जरा जास्त उजेडाची ट्यूबलाइट, शेजारी कॉटन वेस्टचा ढीग आणि दोन ट्रे, एक हिरवा, एक लाल. लेथवरून उतरलेला जॉब तिथला पोरगा पुसून घेतो आणि भोकात प्लग गेज घालून बघतो. गेजची 'गो' बाजू सरकन आत गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू अडली पाहिजे. तसं झालं की जॉब हिरव्या ट्रेमध्ये, नाहीतर लाल. एका शिफ्टमध्ये हा निवाडा शेकडो वेळा होतो. 'माल पास', 'माल रिजेक्ट' हे शब्द पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात घराघरांत जेवताना कानावर पडतात. आमच्या शहराचं पोट या दोन शब्दांवर चालतं.

पिंपरीतलं भाटनगर या टेबलापासून फार लांब नाही. लिंक रोडला लागून, पिंपरी कॅम्पाच्या बाजारपेठेच्या जवळ, कंजारभाट समाजाची ही जुनी वस्ती. या समाजाच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर जातपंचायत बसते आणि नवऱ्या मुलाला सगळ्यांदेखत विचारते, तुला दिलेला माल खरा की खोटा? त्याने तीनदा सांगायचं असतं, खरा, खरा, खरा.

इथे 'माल' म्हणजे नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी.

हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला गेला आणि पिढ्यानपिढ्या त्याचं उत्तर दिलं गेलं. प्रश्न विचारण्याच्या अधिकारालाच हात घातला तो समाजातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत त्यांनी जे केलं, त्याची पुरती दखल आपल्या उद्योगनगरीने घेतली असं मला वाटत नाही. बातम्या आल्या, चॅनेलच्या गाड्या भाटनगरात येऊन गेल्या, मग सगळं शांत झालं. म्हणून आज ती गोष्ट पुन्हा सांगायची आहे.

खोलीच्या आत

या प्रथेबद्दल समाजातल्याच बायकांनी आणि तरुणांनी वेळोवेळी उघडपणे सांगितलं आहे. पंचायतीच्या परवानगीने लॉजवर किंवा एखाद्या घरात खोली घेतली जाते. नवरानवरी आत जाण्याआधी नात्यातल्या बायका मुलीची झडती घेतात. बांगड्या उतरवतात, दागिने काढतात, केसांतल्या पिना एकेक करून काढून ठेवतात. कशाने तरी टोचून घेऊन तिने रक्त काढलं तर? म्हणून अणकुचीदार असं काही तिच्याजवळ राहू द्यायचं नाही. मग गादीवर पांढरी चादर अंथरली जाते. दाराबाहेर दोन्हीकडची माणसं थांबलेली असतात आणि आतल्या दोघांना ते माहीत असतं. ठरावीक वेळात 'कार्य' उरकायचं असतं. मुलगा घाबरला, तर त्याला दारू पाजायची किंवा नको त्या चित्रफिती दाखवायच्या, इथपर्यंत मजल गेल्याचं तरुणांनी सांगितलं आहे.

मग चादर बाहेर येते. डाग असला तर माल खरा. नसला तर त्या मुलीचं पुढे काय होईल, हे पंचांच्या हाती. मारहाण होते. लग्नाआधी कोणाबरोबर होतीस, म्हणून भर पंचायतीत उलटतपासणी होते. दंड होतो, लग्न मोडतं. मुलाला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या चादरीला काडीचाही अर्थ नाही. योनिपटल प्रत्येक स्त्रीचं वेगळं असतं. काहींचं इतकं लवचीक असतं की पहिल्या संबंधात रक्तस्राव होतच नाही. खेळताना, धावताना, कष्टाचं काम करतानाही ते फाटू शकतं. शरीर तपासून किंवा चादर पाहून कोणत्याही बाईचा पूर्वेतिहास सांगता येत नाही. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि 'यूएन विमेन' यांनी संयुक्त निवेदन काढून जगभरातल्या सगळ्या कौमार्य चाचण्या बंद करण्याचं आवाहन केलं. अशा चाचण्या किमान २० देशांत होत असल्याची नोंद त्यात आहे. हा रोग एकट्या भाटनगरचा नाही, हे इथेच स्पष्ट करायला हवं. कित्येक सुशिक्षित घरांत हीच तपासणी चादरीविना, नुसत्या चौकशांनी आणि टोमण्यांनी होत असते.

बारा वर्षांचा मुलगा आणि एक निकाल

विवेक तमायचीकर हा अंबरनाथचा. बारा वर्षांचा असताना एका लग्नात त्याने नव्या नवरीला मार खाताना पाहिलं होतं. काय चाललंय हे त्या वयात कळलं नाही. कळायला लागलं तसं ते दृश्य मनातून जाईना. पुढे तो मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकायला गेला. समाजाकडे शास्त्रीय नजरेने कसं पाहायचं हे तिथे शिकवतात. पण अभ्यासक्रमातला 'समाज' आणि आपल्या घरातला समाज यांमध्ये सहसा एक भिंत असते. शिकलेली मुलं बहुतेक वेळा ती भिंत तशीच राहू देतात, कारण ती पाडली तर आधी आपल्याच घरावर दगड येतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. देशभर त्याची चर्चा आधार कार्डाच्या अंगाने झाली. विवेकला त्यात त्या खोलीचं दार दिसलं. शरीराचा खासगीपणा घटनेने दिलेला असेल, तर पंच तिथे कोणत्या अधिकाराने बसतात? त्याने समाजमाध्यमावर हा प्रश्न जाहीरपणे मांडला. त्याच्यासारखे विचार करणारे चुलत-मावस भाऊबहिणी, मित्र, ओळखीतल्या मुली जोडल्या गेल्या आणि 'स्टॉप द व्ही रिच्युअल' या नावाचा व्हॉट्सॲप गट उभा राहिला. पुढे या गटात साठेक जण झाले. त्यातल्या जवळपास निम्म्या मुली होत्या.

हे निम्मं प्रमाण मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या विषयावर मुलीने घरात अवाक्षर काढायचं नसतं, त्यावर त्या आपल्या नावाने, आपल्या नंबरावरून बोलत होत्या. संशोधनाच्या भाषेत याला माहिती गोळा करणं म्हणतात. इथे माहिती देणारी आणि गोळा करणारी माणसं एकच होती. पंचायत कशी बसते, पैसे कसे घेतले जातात, कोणाला काय शिक्षा झाली, कोणाचं लग्न मोडलं, हे बाहेरच्या अभ्यासकाला वर्षानुवर्षं राहूनही कळलं नसतं. या मुलांना ते लहानपणापासून माहीत होतं. ते शब्दांत मांडायचं आणि कायद्याच्या कलमाशेजारी ठेवायचं, एवढंच बाकी होतं. तेच सर्वांत कठीण होतं.

त्यांच्याआधी कोणी नकार दिलाच नव्हता, असं नाही. कृष्णा आणि अरुणा इंद्रेकर यांनी १९९६ मध्येच ही परीक्षा नाकारून नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं आणि समाजाचा रोष वर्षानुवर्षं सोसला होता. पण ती एका जोडप्याची एकाकी लढाई होती. पुढच्या पिढीला त्यांच्या रूपाने एक उत्तर तयार मिळालं, नकार देऊनही संसार होतो.

२१ जानेवारीची रात्र

२१ जानेवारी २०१८. भाटनगरात एक लग्न होतं. रिवाजाप्रमाणे पंचायत बसली. मोहिमेतले तीन तरुण लग्नाला आलेले होते. जमावाने त्यांना घेरलं आणि मारहाण केली. प्रकरण पिंपरी पोलिसांत गेलं, गुन्हा दाखल झाला, आणि ज्या प्रथेचं नाव घ्यायलाही माणसं कचरत होती, ती एका रात्रीत राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आली.

त्यानंतर जे झालं त्याने बाहेरच्या अनेकांचा गोंधळ उडाला. समाजातल्या बायकाच मोठ्या संख्येने मोहिमेच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या. आमच्या समाजाची बदनामी थांबवा, अशी त्यांची मागणी होती. ज्यांच्यावर अन्याय होतो त्याच अन्यायाची बाजू घेतात, असं म्हणून हसणं सोपं आहे. पण जरा मागे जाऊन पाहायला हवं.

१८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. या आणि पुढच्या कायद्यांनी कंजारभाटांसकट अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. पाळण्यातलं पोर गुन्हेगार म्हणून जन्मलं. हजेरी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती, गावात चोरी झाली की पहिली धाड यांच्या पालावर. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ज्या १४ जमाती आहेत, त्यांत कंजारभाट आहेत. कायदा गेला, नजर गेली नाही. पोलीस संशय घेतात, घरमालक खोली देत नाही, शाळेत नावाआडून कुजबुज होते. अशा वेळी अडीअडचणीला धावून येते ती जात आणि भांडण मिटवते ती जातपंचायत. ज्यांना सरकारी न्यायाने कधी आपलं मानलं नाही, त्यांनी आपल्या पंचांना घट्ट धरून ठेवलं, यात नवल काही नाही. पण त्या आधाराची किंमत मुलींच्या शरीरावर वसूल होत होती. मोर्चातल्या बायकांना बाहेरच्या नजरेची भीती होती आणि मोहिमेतल्या मुलींना आतल्या खोलीची. दोन्ही भीती खऱ्या होत्या.

म्हणूनच हे काम आतल्या मुलांनी करणं गरजेचं होतं. बाहेरचा माणूस हे बोलला असता तर तो दीडशे वर्षांच्या शिक्क्यावर आणखी एक शिक्का ठरला असता. विवेक आणि त्याच्या सोबत्यांनी समाजाला शिव्या दिल्या नाहीत. आम्ही तुमचेच आहोत, आणि तुमचेच आहोत म्हणून हे चालू देणार नाही, असं ते सांगत होते.

डांडिया थांबला

विवेकचं लग्न भाटनगरच्याच ऐश्वर्याशी ठरलं होतं. मे २०१८ मध्ये या दोघांनी कौमार्य परीक्षेला नकार देऊन लग्न केलं. मोहिमेने जे जगाला सांगितलं, ते आधी स्वतःच्या लग्नात करून दाखवलं.

त्या वर्षीची नवरात्र आली. १५ ऑक्टोबरच्या रात्री ऐश्वर्या भाटनगरात डांडिया खेळायला गेली. माहेरचा चौक, लहानपणापासूनचा मांडव, ओळखीच्या मैत्रिणी. ती रिंगणात आली आणि गाणी बंद झाली. माईक, स्पीकर, दिवे सगळं जागच्या जागी, फक्त संगीत थांबलं. ती खेळत असेल तर खेळ होणार नाही, असा त्याचा अर्थ होता. तिला तिथून जावं लागलं.

या प्रसंगाचा मी पुन्हा पुन्हा विचार करतो. कोणी हात उगारला नाही, कोणी दगड मारला नाही. बहिष्काराला ते लागतच नाही. हातात टिपऱ्या घेऊन उभी असलेली एक मुलगी आणि एकाएकी पसरलेली शांतता, एवढ्यात निकाल लागतो. गावकीचा हुक्का, विहिरीचं पाणी, लग्नाचं बोलावणं, मयताचा खांदा, बहिष्काराची हत्यारं नेहमी अशीच रोजच्या जगण्यातली राहिली आहेत. म्हणूनच त्याची फिर्याद देणं अवघड. पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं काय, गाणी बंद केली म्हणून?

ऐश्वर्याने तेच सांगितलं. पिंपरी पोलिसांनी आठ जणांवर सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेचं ते निवेदन प्रसिद्ध झालं. जगाच्या एका टोकाला शास्त्रज्ञ जे कागदावर मांडत होते, ते पिंपरीतल्या एका नववधूने त्याच आठवड्यात फिर्यादीत लिहून दिलं होतं, असंच म्हणावं लागेल.

कायद्याची काठी

हा कायदा महाराष्ट्राला सहज मिळालेला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता, पण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. त्यानंतर अर्धशतक पीडितांच्या हातात असा खास कायदा नव्हता. २०१३ मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका गर्भवती मुलीचा तिच्या वडिलांनीच जीव घेतला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं आणि जुलै २०१७ मध्ये कायदा अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढायचा, अशी त्यात तरतूद आहे.

म्हणजे विवेकने फोनवर तो गट उघडला, तेव्हा कायद्याला जेमतेम काही महिने झाले होते. कायदा कागदावर असतो तोवर तो काठीसारखा कोपऱ्यात उभा असतो. कोणी तरी ती उचलावी लागते. डांडियाच्या फिर्यादीने ती उचलली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानून कारवाई करण्याची भूमिका जाहीर केली. विधान परिषदेतल्या नीलम गोऱ्हे यांनी हा विषय लावून धरला होता. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा फार कमी झाली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातल्या कौमार्याच्या 'लक्षणांना' शास्त्रीय आधार नसल्याचं सप्रमाण मांडलं होतं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. पंचांच्या चादरीला आपण मागास म्हणत होतो. तिचीच भावंडं एमबीबीएसच्या पुस्तकात बसली होती.

मुक्ताची परंपरा

पुण्यात याआधीही एका विद्यार्थिनीने असंच केलं होतं. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय १४, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. शाळेत जाऊन तिसरं वर्ष होतं. अक्षर हाती येताच तिने पहिला प्रश्न विचारला तो आपल्याच माणसांच्या हालांबद्दल. तिच्याजवळ ग्रंथालय नव्हतं, मार्गदर्शक प्राध्यापक नव्हता. जे डोळ्यांदेखत होतं ते तिने क्रमाने, धीटपणे मांडलं. पावणेदोनशे वर्षांनंतरही मराठी वाचक तिच्याकडे परत जातात.

व्हॉट्सॲपवरचा तो गट मला त्याच शाळेचा वर्ग वाटतो. शिक्षणाचा पहिला उपयोग नोकरीसाठी असतो आणि त्यात गैर काही नाही. चाकणच्या प्लँटमध्ये मुलगा लागला की घराचं सोनं होतं. पण शिक्षणाचा दुसरा उपयोग असा की त्यामुळे घरातल्या जुन्या गोष्टीकडे बोट दाखवून 'हे का?' असं विचारता येतं. पहिल्या उपयोगासाठी आपल्याकडे डझनांनी कॉलेजं आहेत. दुसऱ्यासाठी मुलं एकटी पडतात.

एकटं पडणं म्हणजे काय, ते २०१९ च्या मे महिन्यात अंबरनाथला दिसलं. विवेकच्या आजीचं निधन झालं. अंत्ययात्रेला जायचं नाही, असं समाजातल्या लोकांना सांगण्यात आलं. ज्या खांद्यांनी आजीला उचलायचं, ते आले नाहीत. पुन्हा फिर्याद, पुन्हा गुन्हा. परीक्षा नाकारणाऱ्याची किंमत एका रात्रीत चुकती होत नाही, ती हप्त्यांनी वसूल होते. आणि प्रथाही संपलेली नाही. २०२१ मध्ये कोल्हापुरात दोन सख्ख्या बहिणींचं प्रकरण समोर आलं. त्यांची लग्नं एकाच घरात झाली होती, एक परीक्षेत 'नापास' ठरवली गेली आणि दोघींना माहेरी धाडून पंचायतीने काडीमोड दिला. तिथेही गुन्हा नोंदवावा लागला.

म्हणून कॉलेजांकडे आणि शिक्षकांकडे माझं मागणं आहे. प्रकल्पासाठी विद्यार्थी विषय शोधत येतात, तेव्हा त्यांना 'तुझ्या गल्लीत काय चालतं?' असं विचारा. उत्तर अवघड आलं तर त्याला मागे ढकलू नका, त्याच्या पाठीशी वकील उभा करा, समुपदेशक उभा करा. मुलाने घरात प्रश्न विचारला आणि घराने दार लावलं, तर त्या रात्री त्याने कुठे झोपायचं याचं उत्तर संस्थेजवळ असू द्या. आणि आपण शेजाऱ्यांनी निदान एवढं करावं की कोणाची गाणी बंद झाली तर तिच्याबरोबर आपणही रिंगणात उभं राहावं.

भोसरीतल्या त्या टेबलाशी परत येतो. प्रत्येक चांगल्या शॉपमध्ये गेजवर एक छोटं स्टिकर असतं, कॅलिब्रेशनची तारीख लिहिलेलं. ठरावीक मुदतीनंतर गेजच तपासणीला जातं. कारण जुने कारागीर जाणतात, माप झिजलं असेल तर हजार चांगले जॉब लाल ट्रेमध्ये जातात आणि दोष जॉबवर येतो. झिजलेलं गेज सापडलं की ते बाजूला काढतात, पुन्हा कोणी चुकून वापरू नये म्हणून त्यावर लाल खूण करतात. पिढ्यानपिढ्या मुलींना लाल ट्रेमध्ये टाकणारं माप विवेकने, ऐश्वर्याने आणि त्या साठ जणांनी उचलून उजेडात धरलं. त्यावर लाल खूण करायचं काम अजून आपल्या सगळ्यांकडे आहे.